कुत्र्याच्या पिल्लांतील जन्मजात व्यंगे: प्रस्तावना

कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. त्यातले पहिले अडीच-तीन आठवडे फलित बीजे गर्भाशयात सरकत आपापली जागा धरण्यात जातात, आणि शेवटचे चार आठवडे मुख्यतः वाढीचे असतात. टाळू, हृदयाचे कप्पे, मणके, आतड्याचे शेवटचे टोक हे सारे घडते मधल्या दोन-अडीच आठवड्यांत, ढोबळमानाने 19व्या ते 35व्या दिवसापर्यंत. या दिवसांत कुत्रीचे पोट दिसत नाही. सोनोग्राफीतही गर्भ खात्रीने कळायला 25वा दिवस उजाडावा लागतो. ती गाभण आहे की नाही याचाच घरात अंदाज चालू असतो, तोवर पिल्लांचा आराखडा जवळजवळ पुरा झालेला असतो.

या घडणीत एखादा भाग जुळायचा राहिला, भलतीकडे जुळला किंवा जन्मानंतर मिटायला हवा होता तो मिटला नाही, की त्याला जन्मजात व्यंग म्हणतात. व्यंग कुठे आहे यापेक्षा ते केव्हा घडले असेल, हे पशुवैद्याला अधिक सांगून जाते. टाळूचे दोन्ही पडदे पाचव्या आठवड्याच्या आत एकमेकांना मिळतात. त्यामुळे सातव्या आठवड्यात दिलेल्या औषधाने टाळू फाटली असे कोणी म्हणाले, तर ते औषध निर्दोष ठरते.

या विषयात दोन गैरसमज हमखास आढळतात. पहिला, जन्मजात म्हणजे आनुवंशिक. तसे असेलच असे नाही. फाटलेली टाळू आईबापांच्या जनुकांतून येते, तशीच ती गाभणपणात दिलेल्या स्टेरॉइडमुळेही येऊ शकते, आणि दोन्ही पिल्ले शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. दुसरा गैरसमज, जन्मजात म्हणजे जन्मताच दिसणारे. कित्येक व्यंगे आठवड्यांनी आणि काही तर महिन्यांनी उघडकीस येतात. पिल्लाच्या कानाच्या नळ्या दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, म्हणजे तोपर्यंत सगळीच पिल्ले बहिरी. त्यातले कोणते कायमचे बहिरे राहणार हे पहिल्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पहिल्या आठवड्यात दगावणारी बहुतेक पिल्ले व्यंगाने दगावत नाहीत. थंडी, उपासमार, अडलेली प्रसूती आणि जंतुसंसर्ग ही त्यांच्या मृत्यूची नेहमीची कारणे. नवजात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही, थंडीने कुडकुडणेही त्याला पहिल्या आठवड्यात जमत नाही. गार पडलेले पिल्लू दूध ओढत नाही, आणि दूध ओढत नाही म्हणून आणखी गार पडते. अशा पिल्लाला ‘जन्मतःच कमजोर’ म्हणून सोडून देणे सोपे असते. पण कमजोरी आणि व्यंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवर बहुधा इलाज असतो.

व्यंगांमध्ये सर्वांत ओळखीचे ते टाळूचे. वरचा ओठ फाटलेला असेल तर तो लगेच दिसतो, पण एकटी टाळू फाटलेली असली तर बाहेरून पिल्लू अगदी गोजिरे असते. ते सडाला लागते, चोखते, पण दूध ओढण्यासाठी तोंडात जी पोकळी तयार व्हावी लागते ती होत नाही, कारण तोंड आणि नाक आतून एक झालेले असते. दूध नाकपुड्यांतून बुडबुड्यांसह बाहेर येते, पिल्लू शिंकते, ठसकते आणि वजन वाढण्याऐवजी रोज थोडे घटते. खरा धोका मात्र नाकातून आलेल्या दुधाचा नाही, श्वासनळीत गेलेल्या दुधाचा आहे. त्याने होणारा न्यूमोनिया अशा पिल्लांचा सर्वांत मोठा वैरी आहे. म्हणून पिल्लू हाती आल्यावर करंगळीने जबडा हलकेच उघडून आत टॉर्चचा प्रकाश टाकावा. गुलाबी टाळूच्या मधोमध लांबट काळसर फट दिसली तर निदान तिथेच होते. फट मागच्या मऊ टाळूत असली तर ती सहज नजरेआड होते, तेव्हा प्रकाश घशापर्यंत जायला हवा.

हे व्यंग आखूड तोंडाच्या जातींत जास्त आढळते: बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पग. पण लांब तोंडाच्या जातीही सुटलेल्या नाहीत. नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर या कॅनडातल्या जातीत फाटलेल्या टाळूचे एक कारण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2014 मध्ये शोधले. डीएलएक्स 6 नावाच्या जनुकात घुसलेला एक आगंतुक तुकडा त्याच्या मुळाशी होता. असा दोष अप्रकट असतो. आई आणि बाप दोघेही त्याचा एकेक अंश वाहत असतात आणि दोघेही दिसायला निकोप असतात. व्यंग निघाले की कुत्रीच्या माथी खापर फोडायचे आणि तोच नर पुढे चार घरी फिरवायचा, या पैदासकारांच्या सवयीला त्यामुळे काही आधार उरत नाही. फॉलिक अॅसिडबाबत आशादायक निरीक्षणे आहेत. बोस्टन टेरियर आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या पैदाशीत ते दिल्यावर टाळूची व्यंगे कमी झाल्याचे दिसले. मात्र ते कुत्री माजावर येण्याच्या सुमारास सुरू करावे लागते. गाभणपणाची खात्री झाल्यावर सुरू केले तर टाळू जुळण्याची वेळ निघून जात असते.

टाळू फाटलेले पिल्लू जगवता येते. त्यासाठी दर दोन-तीन तासांनी बारीक नळी थेट जठरापर्यंत घालून दूध द्यावे लागते, आणि नळी श्वासनळीत जाणार नाही हे पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे लागते. शस्त्रक्रिया तीन-चार महिन्यांनंतर, कारण त्याआधी ऊती फार नाजूक असतात आणि टाके धरत नाहीत. तेवढे दिवस रात्रपाळी करायची कुणाची तयारी आहे, हा प्रश्न वैद्यकाच्या बाहेरचा, पण उत्तर त्यावरच ठरते. फट मोठी, फुप्फुसात दूध गेलेले आणि सोबत इतर व्यंगे असतील, तर दयामरण हाच प्रामाणिक सल्ला असतो.

कवटीची व्यंगे लहान जातींत दिसतात. चिहुआहुआच्या डोक्यावरचा मऊ भाग मोठेपणीही उघडा राहू शकतो आणि तेवढ्यावरून मेंदूत पाणी साठले आहे असे म्हणता येत नाही. डोके घुमटाकार, डोळे खाली-बाहेर वळलेले, भावंडांपेक्षा शिकण्यात मागे, चालताना गोल फिरणे अशी लक्षणे जमली की मग शंका घ्यावी. बुलडॉग आणि पग यांच्यात कधी अंगभर पाणी भरलेले पिल्लू निघते. ते भावंडांच्या दुप्पट वजनाचे असू शकते आणि बरेचदा त्याच्यामुळेच कुत्री अडते. दोन तोंडांच्या किंवा एकाच डोळ्याच्या पिल्लांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. ती दुर्मीळ असतात आणि अभ्यासाच्या दृष्टीने त्यांच्यापासून मिळते फार थोडे.

हृदयाच्या व्यंगांकडे जास्त लक्ष द्यायला हवे, कारण ती ऐकू येतात, दिसत नाहीत. गर्भात असताना फुप्फुसे बंद असतात, म्हणून त्यांच्याकडे निघालेले रक्त एका छोट्या वाहिनीतून थेट महाधमनीत वळवले जाते. पहिला श्वास घेतला की ही वाहिनी आकसू लागते आणि काही दिवसांत बंद होते. ती उघडी राहिली तर रक्त उलट्या दिशेने, महाधमनीतून फुप्फुसांकडे वाहू लागते आणि हृदयाच्या डाव्या बाजूवर भार पडतो. स्टेथोस्कोपला खंड न पडणारी घरघर ऐकू येते. डाव्या काखेत बोट ठेवले तर तिची थरथर हातालाही लागते. पिल्लू मात्र खेळत असते, खात असते. उपचार न झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्री निदानानंतर वर्षभरात हृदय थकून मरतात. वेळेवर वाहिनी बांधली किंवा मांडीच्या धमनीतून नेलेल्या जाळीदार झाकणाने बुजवली, तर तेच कुत्रे पूर्ण आयुष्य जगते. जन्मजात हृदयविकारांमध्ये इतका सरळ इलाज असलेला विकार दुसरा नाही.

या विकाराचे आनुवंशिक स्वरूप पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डोनाल्ड पॅटरसन यांनी 1960 आणि 1970च्या दशकांत पूडल जातीच्या वंशावळींवरून दाखवले. त्यांच्या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. शुद्ध जातींच्या कुत्र्यांत जन्मजात हृदयविकारांचे प्रमाण संकरित कुत्र्यांपेक्षा अधिक होते. आणि हे व्यंग ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे दोनच प्रकारचे नव्हते. काही पिल्लांत वाहिनी अर्धवट मिटलेली, एका टोकाला फुगीर राहिलेली असे. अशा कुत्र्याला आयुष्यभर त्रास होत नाही, घरघरही ऐकू येत नाही, पण पुढच्या पिढीला ते दोष देऊ शकते. ‘आमच्या नराला काही झालेले नाही’ हा दाखला त्यामुळे फारसा उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्रात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या जर्मन शेफर्डमध्ये, म्हणजे जुन्या लोकांच्या अल्सेशियनमध्ये, महाधमनीचे एक वेगळे व्यंग आढळते. महाधमनी डावीकडच्या कमानीपासून घडण्याऐवजी उजवीकडच्या कमानीपासून घडते आणि तिच्यासोबतचा एक अस्थिबंध अन्ननलिकेला वेढा घालतो. आईचे दूध पातळ असल्याने या वेढ्यातून पार होते. एका महिन्यानंतर पोळी किंवा भाकरी दुधात कुस्करून द्यायला सुरुवात होते आणि खाल्ल्यावर लगेच घास जसाच्या तसा, नळीच्या आकारात बाहेर येतो. पिल्लू तो पुन्हा खाते. ही ओकारी नव्हे. ओकताना पोट आवळते, येथे मान खाली घातली की घास घसरून येतो. तरीही अशा पिल्लांना जंतांचे औषध आणि ओकारी थांबवणारी इंजेक्शने देण्यात आठवडे जातात, तोवर वेढ्याच्या वरची अन्ननलिका पिशवीसारखी सैल पडलेली असते. ती तशी पडण्याआधी अस्थिबंध कापला गेला तर निकाल बरा लागतो.

पोटाच्या बाजूला बेंबीचा हर्निया सर्वांत सामान्य आणि बहुधा निरुपद्रवी. छोटी फट काही महिन्यांत आपोआप मिटते. गुदद्वार न उघडलेले पिल्लू मात्र तातडीची बाब असते. पहिले एक-दोन दिवस ते दूध पिते आणि झोपते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मग पोट ढोलासारखे फुगते आणि पिल्लू दूध सोडते. शेपटी उचलून पाहण्याचे काम पाच सेकंदांचे आहे आणि ते बहुतेकदा राहून जाते. मादी पिल्लांत कधी गुदाशय आणि योनी यांच्यात वाट तयार होते आणि विष्ठा तिथून येते. पातळ विष्ठा कुत्री चाटून टाकते, म्हणून हे व्यंग दूध सुटल्यावर, विष्ठा घट्ट होऊ लागल्यावर लक्षात येते.

पाय चारही बाजूंना पसरून पोटावर सरपटणारे, बेडकासारखे पिल्लू दोन-तीन आठवड्यांच्या वयात दिसते. बुलडॉगसारख्या जड अंगाच्या जातींत हे जास्त होते. याला व्यंग म्हणावे की वाढीतला अडथळा, यावर मतभेद आहेत. गुळगुळीत फरशीवर वाढवलेल्या आणि भरपूर दूध मिळून गलेलठ्ठ झालेल्या एकुलत्या पिल्लात ते सहज होते. पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून, खाली खरखरीत गोणपाट अंथरून आणि दिवसातून अनेक वेळा हातांनी व्यायाम देऊन बहुतेक पिल्ले उभी राहतात. मार्बलच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरणे हे त्यांच्यासाठी सर्वांत वाईट अंथरूण.

मागच्या पायाला जादा नखी असलेले, म्हणजे वीस नखांचे कुत्रे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भाग्याचे मानले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तेही जन्मजात वेगळेपणच, पण त्रास नसल्याने त्याला कुणी व्यंग म्हणत नाही. कशाला व्यंग म्हणायचे हे पाहणाऱ्याच्या गरजेवर ठरते, आणि जातिवंत कुत्र्यांच्या इतिहासात या गरजेने बरीच उलथापालथ केली आहे. डॅक्सहुंडचे आखूड पाय एका जनुकाच्या जादा प्रतीतून येतात, हे 2009 मध्ये स्पष्ट झाले. बुलडॉगची पिळलेली शेपटी हा मणक्यांच्या घडणीतला दोष आहे आणि तो शेपटीपुरता थांबत नाही, पाठीच्या मणक्यांतही उतरतो. चायनीज क्रेस्टेड या बिनकेसाच्या जातीत केस घालवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू जन्मालाच येत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ऱ्होडेशियन रिजबॅकचे. पाठीवर उलट्या दिशेने वाढणाऱ्या केसांचा पट्टा ही या जातीची ओळख. 2007 मध्ये हा पट्टा काही जनुकांच्या दुपटीमुळे येतो असे सिद्ध झाले आणि तीच दुपट त्वचेपासून कण्यापर्यंत जाणाऱ्या पोकळ नळीच्या व्यंगाची शक्यता वाढवते, हेही. पट्टा नसलेल्या पिल्लांना हे व्यंग क्वचितच होते. तरीही जातीच्या नियमांनुसार सदोष ठरत होती ती बिनपट्ट्याची निरोगी पिल्ले, आणि त्यांना मारून टाकण्याची प्रथा होती. बीबीसीच्या 2008 मधील माहितीपटात हे पुढे आल्यावर ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला.

पांढरा रंग आणि बहिरेपण यांचे नाते अशाच निवडीतून आलेले. आतल्या कानाच्या एका थराला रंगपेशींची गरज असते. त्या तिथवर पोचल्या नाहीत, तर जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो थर झिजतो आणि ऐकण्याच्या पेशी मरतात. लुइझियाना राज्य विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रेन यांनी अमेरिकेतील हजारो डाल्मेशियन तपासले तेव्हा जवळपास 30 टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली. त्यातली बहुतांश एकाच कानाने बहिरी होती, आणि टाळी वाजवून केलेल्या परीक्षेत असे पिल्लू नेहमीच उत्तीर्ण होते. खरी तपासणी मेंदूच्या विद्युत्प्रतिसादाची, पाच-सहा आठवड्यांनंतरची. ठिपक्या-ठिपक्यांच्या ‘मर्ल’ रंगाच्या दोन कुत्र्यांचा संयोग केला तर सरासरी चारातले एक पिल्लू दोन्हीकडून तो जनुक घेते. असे पिल्लू बहुतेक पांढरेशुभ्र असते, अनेकदा बहिरे असते आणि डोळे लहान किंवा विद्रूप असू शकतात. या रंगाचा जनुक 2006 पासून माहीत आहे, त्याची चाचणी उपलब्ध आहे, म्हणून हे व्यंग आज पूर्णपणे टाळण्याजोगे आहे.

भारतात 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पगची मागणी एकदम वाढली. मागणी वाढली तसे थोड्याशा जोड्यांवर भागवले गेले, आणि जवळच्या नात्यातल्या संयोगात लपलेले दोष जोडीने एकत्र येतात. लातूर-सोलापूर भागातल्या कारवानी जातीचे तोंड आणि अंग शिकारी कामाने घडलेले असल्याने चेहऱ्याच्या आखूडपणातून येणारी व्यंगे तिच्या वाट्याला येत नाहीत. पण दोन-चार नामांकित नरांवरच पैदास चालली तर अप्रकट दोष तिथेही वर येणारच. गावठी कुत्र्यांत व्यंगे नसतात असे म्हटले जाते, त्यात अर्धे सत्य आहे. संकरामुळे ती कमी असतात हे खरे. पण जी असतात ती पिल्ले पुलाखाली किंवा गटाराच्या कडेला पहिल्या दोन दिवसांत मरतात आणि मोजली जात नाहीत.

बाहेरच्या कारणांत औषधांचा क्रमांक वरचा. नायट्यावर दिले जाणारे ग्रिसिओफल्विन गाभण कुत्रीला देऊ नये, त्याने गर्भात गंभीर व्यंगे होतात. स्टेरॉइड आणि अल्बेंडाझोल यांबाबतही तीच सावधगिरी हवी. टेट्रासायक्लिनने दात कायमचे पिवळे पडतात. अ जीवनसत्त्व जास्त झाले तरी घातक असते, म्हणून ‘ताकद यावी’ म्हणून रोज माशाच्या यकृताचे तेल पाजण्यात शहाणपण नाही. जिवंत विषाणूंच्या लसी गाभणपणाआधी उरकून घ्याव्यात. कुत्री माजावरून उतरल्यानंतरचे दोन महिने, संयोग झाल्याची शंका असली तरी, कोणतेही औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. नागीण गटातला कुत्र्यांचा हर्पीस विषाणू पहिल्या तीन आठवड्यांत आख्खे वेत नेऊ शकतो, पण तो व्यंग घडवणाऱ्यांपेक्षा पिल्ले मारणाऱ्यांत मोडतो.

पिल्लांची पहिली तपासणी पहिल्या दिवशीच व्हावी. चीक पहिल्या काही तासांत पोटात जायलाच हवा, त्यामुळे कुत्रीला आणि पिल्लांना फार न छेडता तोंड, टाळू, बेंबी, शेपटीखालचा भाग, पाठीचा कणा आणि पायांची बोटे इतके पाहून घ्यावे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे. निरोगी पिल्लू सात ते दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. एकटेच मागे पडणारे पिल्लू पुन्हा तोंड उघडून पाहावे. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, लसीकरणाला नेताना, हृदय ऐकून घ्यावे आणि नरांची वृषणे उतरली आहेत का पाहावे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि उशिरा दिसणारी व्यंगे विक्रीआधी कळण्यासाठी हा कालावधी उपयोगी पडतो. कुत्री 18 महिन्यांची झाल्याखेरीज तिची पैदास करू नये, असेही तेच नियम सांगतात.

व्यंग असलेले पिल्लू निघाले की त्या जोडीचा संयोग पुन्हा करू नये, एवढे तरी निश्चित. एकच व्यंग दोन वेतांत किंवा त्याच नराच्या वेगवेगळ्या कुत्र्यांपासूनच्या पिल्लांत दिसले तर आनुवंशिक कारणाची शक्यता बळावते. एका वेतातली बहुतेक पिल्ले सारखीच बाधित निघाली तर आधी गाभणपणातले औषध, खाणे आणि ताप आठवून पाहावे. दगावलेले पिल्लू पुरून टाकण्याआधी शवविच्छेदन करता आले तर अंदाजाची जागा माहिती घेते. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र विभाग आहेत. पिल्लू शक्य तितक्या लवकर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवून न्यावे. फ्रीझरमध्ये नाही, कारण बर्फाचे कण ऊती फाडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे काही उरत नाही. सोबत संयोगाची तारीख, दिलेल्या औषधांची नावे, भावंडांची वजने आणि आईबापांचे आधीचे वेत एका कागदावर लिहून द्यावे.